प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमधील नक्कल शोधणारे साधन पारखावे कसे?

प्रश्न:
अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी डेटा स्ट्रक्चर्सची प्रात्यक्षिके घेतो. प्रत्येक असाइनमेंटला जावा भाषेतले १८० प्रोग्रॅम जमा होतात, म्हणजे एकमेकांशी ताडून पाहायच्या जोड्या १६,११० होतात आणि हे काम डोळ्यांनी होणे अशक्य आहे. प्रोग्रॅममधील साम्य शोधणाऱ्या साधनांत मॉस आणि जेप्लॅग ही दोन नावे नेहमी ऐकू येतात. त्यांतले आपल्या कामाला कोणते योग्य, हे कशावरून ठरवावे?

पहिले उत्तर:
मॉस १९९४ पासून वापरात आहे; ते संगणकशास्त्रज्ञ ॲलेक्स आयकेन यांनी तयार केले असून प्रोग्रॅम स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सर्व्हरवर पाठवावे लागतात. त्यामुळे फाइलच्या माथ्यावर विद्यार्थ्याचे नाव आणि रोल नंबर असेल, तर तो मजकूर आधी काढून टाकावा. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे घडलेले जेप्लॅग मुक्त स्रोत असून आपल्याच संगणकावर चालते. व्हेरिएबलची नावे बदलून किंवा कॉमेंट पुसून दोघांपैकी एकालाही चकवता येत नाही, म्हणून तेवढीच चाचणी घेतली तर दोन्ही साधने सारखीच उत्तम वाटतील.

खरी पारख करायची असेल, तर स्वतंत्रपणे लिहिल्याची खात्री असलेले दहा प्रोग्रॅम घेऊन त्यांच्या नकला स्वतःच तयार कराव्यात: एकीत मेथडींचा (प्रोग्रॅममधील एकेक काम करणाऱ्या भागांचा) क्रम बदलावा, दुसरीत ‘फॉर’ लूपच्या जागी ‘व्हाइल’ लूप घालावे, तिसरीत निरुपयोगी ओळी पेराव्यात. मग या जोड्या निकालाच्या यादीत कितव्या क्रमांकावर येतात ते पाहावे. साम्याच्या टक्केवारीची तुलना करू नये, कारण प्रत्येक साधन ती आपल्या पद्धतीने काढते. शिवाय लिंक्ड लिस्ट (एकीला पुढची जोडलेली अशी नोंदींची साखळी) उलटी करण्याचे मार्ग मुळातच मोजके असल्याने तिथे ८० टक्के साम्यालाही फारसा अर्थ नसतो.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी राहून गेली. मॉसमध्ये एखादा भाग ठरावीक संख्येहून अधिक प्रोग्रॅममध्ये आढळला, तर तो शिक्षकांनीच दिलेला असावा असे समजून वगळला जातो, आणि ही मर्यादा बदलली नाही तर ती १० असते. होस्टेलच्या अख्ख्या मजल्याने एकाच मुलाची फाइल उतरवली असेल, तर नेमकी तीच नक्कल दिसेनाशी होते! सांगाडा म्हणून आपण दिलेला कोड वेगळा जोडावा आणि ही मर्यादा वर्गाच्या आकाराइतकी वाढवून पाहावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
सुचवल्याप्रमाणे जेप्लॅगवर चाचणी घेतली. मेथडींचा क्रम बदललेल्या सर्व नकला यादीच्या वरच्या टोकाला आल्या, परंतु ओळी पेरलेल्या नकला बऱ्याच खाली घसरल्या. जुळणीची किमान लांबी (सलग किती कोड जुळला तर साम्य धरायचे ती मर्यादा) कमी केल्यावर त्या वर आल्या खऱ्या, मात्र त्यांच्याबरोबर एकमेकांशी संबंध नसलेल्या जोड्याही वर चढल्या. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे ‘स्वतंत्र’ म्हणून मी निवडलेल्या दहांपैकी दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळले.

पहिले उत्तर देणाऱ्यांचे पुन्हा उत्तर:
त्या दोघांनी बहुधा एकमेकांचे पाहिलेले नसून एकाच सीनियरची फाइल वापरली असावी. जेप्लॅगला मागील वर्षांचे प्रोग्रॅम ‘जुने’ म्हणून वेगळे देता येतात. ते देऊन पुन्हा चालवावे आणि त्या दोघांची तोंडी परीक्षा होईपर्यंत गुण कापू नयेत.