"शिक्षक उभेच असतात, त्यांना खुर्ची कशाला?" याला उत्तर

खडूवाली: काल एकाने इथे लिहिलं, शिक्षकांना चांगली खुर्ची कशाला, ते उभेच असतात, आणि ताण कसला, दरवर्षी तोच तर धडा. डोकंच फिरलं माझं. हात खांद्याच्या वर धरून फळ्यावर लिहायचं, एक कान मागच्या बाकांकडे, मग मुलांच्या बुटक्या बाकांवर वाकून वह्या बघायच्या, उरलेला गठ्ठा घरी मांडीवर. कंबर, मान, खांदा, काय शाबूत राहणार? नासामधून आलेली मानसिक भार मोजायची प्रश्नावली 1988 पासून वापरात आहे, त्यात बौद्धिक मेहनत, शारीरिक मेहनत, वेळेची घाई, काम किती जमलं, एकूण कष्ट आणि वैताग असं विचारतात. एक तास वर्ग सांभाळा आणि मग भरा.

वाचकमित्र: तो मीच. शारीरिक त्रास मान्य, पण ताण कुठल्या नोकरीत नाही?

खिडकी_नंबर_दोन: शिक्षक, शिक्षक आणि शिक्षकच! ऑफिसातल्या आम्हा लोकांचं कोण बोलणार? प्रवेशाच्या दिवसांत समोर रांग, कानाला फोन, स्क्रीनवर अर्धा भरलेला फॉर्म, आणि मधेच कुणीतरी येऊन "जरा दोन मिनिटं". परत वळलं की कुठला रकाना भरत होतो तेच आठवत नाही. खुर्ची स्टाफरूममधून बाद झालेली, एका बाजूला कलते. मॉनिटर इतका खाली की दिवसभर मान वाकलेली. तुम्हाला निदान सुट्ट्या तरी आहेत.

खडूवाली: सुट्ट्या काढू नका हं! पेपर कोण तपासतं, निकालाचं काम कोण करतं?

खिडकी_नंबर_दोन: निकालातल्या चुका कोण निस्तरतं तेही सांगा. आई-वडील भांडायला आमच्याच खिडकीवर येतात.

जुना_मास्तर: भांडताय कशाला? कामाच्या ताणावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट कारासेकने 1979 मध्येच मांडलंय, कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा कमी, की ताण सगळ्यात जास्त. दोघांचं तेच आहे. वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही आणि रांग ते ठरवत नाहीत. वाचकमित्र, ताण सगळीकडे असतो, पण घसा बसला म्हणून वर्ग मधेच सोडून पाणी प्यायला जाता येत नाही.

वाचकमित्र: बरं, खुर्चीचं मागे घेतो. "तोच धडा" यावर मात्र ठाम आहे.

खडूवाली: धडा तोच असेल, मुलं दरवर्षी नवी असतात. आणि खिडकीवाले, मॉनिटरची वरची कडा साधारण डोळ्यांच्या रेषेत हवी, खाली जाड रजिस्टरं ठेवा. खुर्चीसाठी अर्ज करा, मीपण सही करते. सुट्ट्यांचं वाक्य तेवढं मागे घ्या.

खिडकी_नंबर_दोन: अर्ज आधी, वाक्याचं नंतर बघू.