पोरगं पळालं नाही, तुम्ही पळवलंत

कृष्णाकाठ:
सांगलीतल्या एका भांडी दुकानदारांची पोस्ट काल सगळीकडे फिरत होती. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बारावीची परीक्षा दिलेलं १७ वर्षांचं पोरगं लग्नसराईपुरतं कामाला ठेवलं, महिना ७,००० ठरले. एकविसाव्या दिवशी दुपारी जेवायला म्हणून गेलं ते आलंच नाही. आता बापाला पाठवून पगार मागतंय. "एक शब्द सहन होत नाही या पिढीला. आम्ही मालकाच्या थपडा खाल्ल्या म्हणून आज गल्ल्यावर बसलोय." खाली नुसते अंगठे आणि "शंभर टक्के खरं शेठ".

मी शेठ नाही, कुणाचा मालकही नाही. पण डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

मीही सतराव्या वर्षीच कामाला लागलो. २००५ चा महापूर आला त्याच्या आधीचा उन्हाळा. तासगावला एका बेदाणा अडत्याकडे. सौद्यात व्यापारी बॉक्समध्ये हात घालायचे, मूठभर बेदाणा बघायचे आणि तसाच उधळून पुढच्या बॉक्सकडे जायचे. सौदा संपला की फरशीवर पिवळा सडा. तो झाडायचा, चाळायचा, काड्या काढायच्या आणि पुन्हा भरायचा, हे माझं काम. चपलेला इतका चिकटायचा की घरात शिरायच्या आधी आई पायरीवर चाकूने तळवे खरवडायला लावायची.

तिथे ओरडणारे दोघं होते. एक दिवाणजी, एक मालक. दिवाणजींनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या पैशाचा हिशेब, चुरगाळून तोंडावर फेकली होती. बेरीज चुकली होती. तीनदा करायला लावली, चौथ्यांदा स्वतः शेजारी बसून हमाली, तोलाई कुठे वजा होते ते बोट ठेवून दाखवलं, आणि मग म्हणाले, "गाढवा, जा आता चहा पी." मालकांचं वेगळं. एक १५ किलोचा बॉक्स मोजणीत कमी आला, तर न विचारता माझ्या पगारातून कापला. चार दिवसांनी तो थप्पीमागे सापडला. पैसे परत मागितले तर म्हणाले, "अनुभव मिळाला ना?"

दिवाणजींच्या ओरडण्यातून मी पट्टी करायला शिकलो. मालकांच्या ओरडण्यातून एवढंच शिकलो की त्यांची गाडी वाजली की गोदामाच्या मागच्या दाराने कसं सटकायचं. तेव्हा "थपडा खाऊन शिकलो" म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघावं, शिकवलं कुणी होतं आणि थपडा कुणाच्या होत्या.

कवलापूरचा गडी:
एक नंबर लिहिलंयस भावा.

भांडीवाला:
ती पोस्ट माझीच. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार, पण अर्धीच बाजू मांडलीत. पोरगं का गेलं ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, त्याचीच लाज राखायला. आता लिहितो. लग्नात वाटायला ४० स्टीलच्या डब्यांची ऑर्डर होती. नावं घालायच्या मशीनवर त्याला बसवलं. नवरीचं नाव गौरी. ह्या पठ्ठ्याने चाळीसच्या चाळीस डब्यांवर "गैरी" घातलं. काना गायब! डबा १४० रुपयांचा, म्हणजे ५,६०० चं नुकसान. त्याचे २१ दिवसांचे होतात ४,९००. खरं तर ७०० रुपये त्यानेच मला द्यायचेत. मी सोडून दिले. आणि मी बोललो काय, तर "शाळेत काय गवत उपटत होतास का?" एवढंच. ह्याला छळ म्हणतात?

२०१९ ला आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हा माझ्या दुकानात वरच्या फळीपर्यंत चिखल होता. २०२१ ला परत. भांडी धुऊन वापरता येतात, पण चिखलात राहिलेलं भांडं नवं म्हणून कोण घेतं? तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की बिचारा मालक. लोकांना स्टीलचा डबा पण आता मोबाईलवर स्वस्तात पाहिजे. आम्ही कुणावर ओरडायचं?

दुष्काळी तालुका:
शेठचं बरोबर आहे. काना-मात्रा येत नाही आणि बारावी झाली म्हणे.

मूस:
विट्याजवळच्या खेड्यातला आहे, सध्या मुक्काम केरळ. हे सगळं वाचून हसू येतंय. अहो, आमच्या खानापूर-आटपाडीकडचं पोरगं दहावी झालं की गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानावर जायचं. मी १९९६ ला गेलो, वय १५. मिरजेतून गाडीत बसलो तेव्हा भाषा येत नव्हती, स्टेशनचं नाव वाचता येत नव्हतं. शेठ लांबच्या नात्यातला. पहाटे भट्टी पेटवायची, मूस लावायची, सराफांच्या दुकानातली झाडलेली माती पोत्यात भरून आणायची आणि त्यातून गुंजभर सोनं काढायचं. पहिली दोन वर्षं पगार हातात बघितला नाही, शेठ थेट गावाकडे बापाला द्यायचा. टंचात, म्हणजे सोन्याचा कस काढण्यात, चूक झाली की चिमटा फेकून मारायचा. गेलो का पळून? आज माझी स्वतःची दोन दुकानं आहेत. गावात बंगला बघा एकदा येऊन. २१ दिवस म्हणे!

येरळामाई:
मूस भाऊ, बंगल्याचं कौतुक आहे. पण जे परत आले त्यांची घरं पण बघा एकदा. माझा थोरला भाऊ पण असाच गेला होता, सोळाव्या वर्षी. तेजाबात सोनं उकळताना तो लाल धूर येतो ना, तो सात वर्षं छातीत घेतला. एका खोलीत भट्टी, त्याच खोलीत झोपायचं, खिडकी बंद, कारण शेजारी तक्रार करतील. आता ४५ चा आहे आणि आमच्या माळावरची चढण चढताना दोनदा बसतो. त्याच्या शेठचाही बंगला आहे बरं का. मोठा आहे.

मूस:
ताई, दुःख वाटलं, पण सगळ्यांचं असं होत नाही. आता धूर ओढायची यंत्रं आली, लाईटवरच्या भट्ट्या आल्या. आणि गलाई नसती तर आमच्या तालुक्याने खाल्लं काय असतं? टेंभू योजनेचं पाणी आत्ता आलं. तेव्हा बाजरी पण येत नव्हती. तुम्ही धंद्याला नावं ठेवताय.

येरळामाई:
धंद्याला नाही. पोराला तिथे बसवणाऱ्याला नावं ठेवतेय. तुमचं पोरगं आत्ता पंधराचं असेल तर पाठवाल का भट्टीवर?

मूस:
माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याचा काय संबंध?

कवलापूरचा गडी:
हाण्ण! 😂

मूस:
हसायला काय झालं? आम्ही सोसलं ते पोरांनी सोसू नये म्हणूनच सोसलं.

कृष्णाकाठ:
मग भांडीवाल्यांकडच्या पोराच्या बापालाही तसंच वाटत असेल की.

मूस:
तुम्ही शब्दात पकडता. भट्टीवर एक दिवस उभे राहा, मग बोलू.

द्राक्षबाग सावळज:
वरती बेदाणा उधळायचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तो "पिवळा सडा" कुणाचा होता? आमचा. औषधं फवारून, रॅकवर वाळवून, पाऊस आला की रात्री ताडपत्री धरून उभं राहून केलेला माल. व्यापारी मुठीने उधळणार, वर तूट म्हणून परत वजन कापणार, आणि झाडलेला माल अडत्याच्या खात्यात. कृष्णाकाठ साहेब, तुम्ही जो झाडून भरत होता ना, तो आमच्या घरातला होता. पैसे कधी? दिवाळीआधी सौदे बंद करून झिरो पेमेंट करतात, म्हणजे सगळी बाकी चुकती करतात, तेव्हा. तोवर आमच्या पोरांची फी आम्ही सोसायटीतून उचलायची. तुम्ही २१ दिवसांच्या पगाराचं घेऊन बसलाय.

कृष्णाकाठ:
मान्य. तो बॉक्स मी कुणाच्या नावावर भरत होतो हे तेव्हा विचारलं नाही, १७ चा होतो. पण तुमचं पेमेंट सहा महिने अडकतं म्हणून पोराचा पगारही अडकावा, हे कुठलं गणित?

द्राक्षबाग सावळज:
गणित नाही, तुमच्या धाग्यावर माणसं वाचतात म्हणून लिहिलं. आमच्यासाठी कोण धागा काढतो?

कंदी पेढा:
साताऱ्यातून नमस्कार. कर्मवीर अण्णांनी "कमवा आणि शिका" दिलं ते ह्याच भागाला. त्यांचं घराणं तुमच्या ऐतवड्याचं. त्या बोर्डिंगातली पोरं दगड फोडत, शेतात राबत शिकली. कुणी रुसून बापाला पाठवलं नाही. आजच्या पोरांना एसीत बसून कमवायचंय आणि रील बघून शिकायचंय. भांडीवाले शेठ, तुम्ही बरोबर आहात.

येरळामाई:
अण्णांचं नाव घेतलंत म्हणून बोलते, नाहीतर जेवायला उठले होते. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या पोरांनी राबून स्वतःच्या बोर्डिंगचं पोट भरलं, कुणाचा गल्ला नाही. डबे चुकले म्हणून कुणाचा पगार कापल्याची गोष्ट अण्णांच्या नावावर खपवू नका.

कंदी पेढा:
ताई, मी पगार कापा म्हणालोच नाही. कष्ट करा म्हणालो.

येरळामाई:
मग "शेठ तुम्ही बरोबर आहात" हे कशाला?

कंदी पेढा:
सांगलीकरांशी वादात पडू नये असं वडील सांगायचे. आज पटलं.

मिरजेची केसपेपर:
मी जरा वेगळं बोलते, शिव्या पडल्या तरी चालेल. बारावीनंतर मिरजेत एका दवाखान्यात केसपेपर काढायला बसले होते. डॉक्टर बाई कडक. एकदा लहान मुलाच्या केसपेपरवर वजन लिहायचं राहिलं, तर बाईंनी भर ओपीडीत पेपर भिरकावला. पन्नास पेशंटसमोर. संडासात जाऊन रडले. आईला म्हटलं उद्यापासून जाणार नाही. आई म्हणाली, आधी पेपर का भिरकावला ते विचार, मग नको जाऊस. विचारलं. बाई म्हणाल्या, "लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो. तू रकाना मोकळा सोडलास म्हणजे मी अंदाजाने औषध द्यायचं का?" आज मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि वजन नसलेला पेपर मीही परत पाठवते. सगळं ओरडणं सारखं नसतं, हे कृष्णाकाठ यांचं बरोबर. पण त्या पोरानेही निदान विचारायला हवं होतं. न सांगता जाणं मला नाही पटत.

कृष्णाकाठ:
ताई, तुम्ही विचारलं, कारण तुमचा पगार चालू होता. ज्याला कळलंय की २१ दिवस फुकट गेले, तो विचारायला परत कशाला येईल?

मिरजेची केसपेपर:
ते तुम्ही गृहीत धरताय. आधी गेला की आधी कापले?

भांडीवाला:
नुकसान पगारातून वळतं करणार हे मी त्याच वेळी सांगितलं. मग तो जेवायला गेला.

मिरजेची केसपेपर:
अच्छा. मग माझं वाक्य मागे घेते. अर्धं.

बार रूममधला:
फी न घेता सांगतो. वेतन संहितेत दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर करता येत नाही, म्हणजे तुमच्या ७,००० वर फार तर २१० रुपये. नुकसानभरपाई हा वेगळा प्रकार, पण त्यातही आधी त्या मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, चूक थेट त्याच्याच हलगर्जीपणाची असावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही. तेव्हा ४,९०० चे ४,९०० गिळता येत नाहीत शेठ. आणि मूस भाऊ, १८ च्या आतलं पोरगं घातक रसायनाच्या प्रक्रियेवर ठेवायला २०१६ पासून सरळ बंदी आहे. बंगला कितीही मोठा असो.

मूस:
वकिलांनाच बोलवायचं राहिलं होतं. माझ्याकडं सगळे अठराच्या वरचे आहेत, या मोजायला.

भांडीवाला:
"म्हणणं ऐकून घ्या" म्हणे. लग्नसराईत गिऱ्हाईक उभं आहे, नवरीचा मामा शिव्या देतोय, आणि मी खटला चालवू?

कुपवाड लेथ:
बफिंग करून नाव घालवा की. डब्याला १०-१५ रुपयांत होईल.

भांडीवाला:
करून बघितलं. नाव जातं, पण तिथे टक्कल पडल्यासारखा डाग राहतो. आहेरात कोण घेतंय असला डबा.

कृष्णाकाठ:
शेठ, एक विचारायचं राहिलं. डब्यावर घालायचं नाव त्याला तोंडी सांगितलं होतं की लिहून दिलं होतं?

कृष्णाकाठ:
?

कवलापूरचा गडी:
शेठ गिऱ्हाईकात आहेत वाटतं.

भांडीवाला:
चिठ्ठी दिली होती.

कृष्णाकाठ:
कुणी लिहिलेली?

भांडीवाला:
मीच. घाईत. काना पुसट आला असेल कदाचित. पण डोकं नको का वापरायला? गैरी असं नाव असतं का कुठं?

येरळामाई:
आणि पहिला डबा झाल्यावर कुणी बघितला होता का? की चाळीसावा झाल्यावरच?

भांडीवाला:
बघितला असता तर ही वेळ आली असती का? तुम्ही सगळे एक झालात तर मी काय बोलणार.

कवलापूरचा गडी:
😂😂😂 लका, चिठ्ठी शेठची आणि गवत पोरगं उपटतंय!

मिरजेची केसपेपर:
उरलेलं अर्धं पण मागे घेते.

मूस:
चिठ्ठी मालकाची असेल तर भरपाई मालकाची. आमच्यात तरी असंच. पण एक सांगतो, मी असतो त्या जागी तर चिठ्ठी घेऊन परत गेलो असतो, "शेठ, हे गैरी आहे की गौरी?" म्हणून.

कृष्णाकाठ:
चिमटा चुकवत विचारला असतात?

मूस:
...चुकवतच. बरं, चला.

भांडीवाला:
बापाला फोन केलाय, संध्याकाळी येऊन पूर्ण २१ दिवसांचे घेऊन जा म्हणून. तुमच्यामुळे नाही, लेखी कायदा निघाला म्हणून. आणि डबे तसेच पडलेत. ओळखीत कुणी गैरी असेल तर कळवा, निम्म्या किमतीत देतो. चाळीसच्या चाळीस घ्यावे लागतील.