सिरुम: पाठ लागली नाही, तरी हरला कसा?

रंकाळा९१: नोकरीसाठी दक्षिण कोरियात सुवॉनला येऊन चार महिने झाले. परवा चुसॉकच्या (इथला सुगीचा सण) सुट्टीत टीव्हीवर वाळूतली कुस्ती लागली होती. गडी नुसता एका गुडघ्यावर आला आणि पंचानं समोरच्याचा हात वर केला! आमच्याकडं असा निकाल दिला तर पब्लिक मैदानात उतरेल. आणि कमरेला ते फडकं कसलं?

मातीतून_वाळूत: भावा, मीही कोल्हापूरच्या तालमीत सहा वर्षं घासलोय, आता मासानला असतो. ह्याला सिरुम म्हणतात. गुडघा किंवा त्याच्या वरचं काहीही आधी वाळूला लागलं की खेळ खल्लास. चीतपट नाही, घिस्सा नाही, खालची कुस्तीच नाही.

फडक्याला सात्बा म्हणतात, एकाचा लाल, एकाचा निळा. कमरेला आणि उजव्या मांडीला बांधायचा. दोघं समोरासमोर गुडघ्यावर बसून एकमेकांचा सात्बा धरतात, उजव्या खांद्याला उजवा खांदा भिडवतात आणि तसेच उठतात. म्हणजे पकड आधी, कुस्ती नंतर. सलामीला हात झटकत फिरायची सोयच नाही.

मला एकदा कंपनीच्या सहलीत उतरवलं. समोर अकाउंट्समधला किडमिडा पोरगा. सवयीनं पट काढायला, म्हणजे त्याचे पाय धरून ओढायला, खाली गेलो, गुडघा टेकला, शिट्टी! त्याला काही करायची गरजच पडली नाही. दुसऱ्या डावात त्यानं बेजिगी मारली, पोटावर घेऊन उचललं आणि वळवून टाकलं. तीनपैकी दोन, संपलं.

तालीमप्रेमी: वजनी गटांना डोंगरांची नावं आहेत ना?

मातीतून_वाळूत: हो. तेबेक ८० किलोपर्यंत, कुमगांग ९०, हाल्ला १०५, पेक्तू १४०. सगळ्यांत मिळून जो मोठा तो चॉनहाजांगसा. १९८३ साली पहिला मान ई मान-गी ह्या पैलवानाला, पुढं एकूण दहा वेळा. आपल्याकडं बक्षीस गदा, इथं पूर्वापार बैल.

चित्रवेडी: १८व्या शतकातला कोरियन चित्रकार किम होंग-दो, त्याचं सिरुमचं चित्र बघाच. सगळे कुस्तीत बुडालेत, एक मिठाईवाला पोरगा तेवढा दुसरीकडं बघतोय. त्याला गिऱ्हाईक हवंय! आणि २०१८ साली युनेस्कोच्या वारसा यादीत सिरुम दोन्ही कोरियांच्या नावानं एकत्र गेलं.

रंकाळा९१: दादा, शिकायचंय. सात्बा म्हणून आजोबांचं धोतर चालेल?

मातीतून_वाळूत: टर्रकन फाटेल. जाड मांजरपाट आण. आणि पट विसर.