मदत हवी आहे: गॅस टर्बाइनच्या कम्बश्चन चेंबरमध्ये हवा कशी वाटावी?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट कागदावरचाच: वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्याला वीज आणि वाफ दोन्ही देईल असा नैसर्गिक वायूवरचा छोटा, सिंगल शाफ्ट गॅस टर्बाइन. कम्बश्चन चेंबर माझ्या वाट्याला आलाय.

प्रेशर रेशो 8, म्हणजे कॉम्प्रेसर हवेचा दाब आठपट करतो. कॉम्प्रेसरमधून हवा साधारण 585 केल्विनला निघते, टर्बाइनला 1250 केल्विन हवेत. हिशोबात एकूण इक्विव्हॅलन्स रेशो (हवेच्या मानाने इंधन किती; 1 म्हणजे दोन्ही पुरतं वापरलं जातं) 0.27 च्या आसपास येतो. इतक्या पातळ मिश्रणात मिथेन जळत राहणार नाही, म्हणून सगळी हवा ज्योतीकडे नेता येत नाही. प्रायमरी झोनचा, म्हणजे ज्योतीच्या भागाचा, रेशो 1 च्या जवळ ठेवला तर ज्योत घट्ट बसते, पण तापमान 2300 केल्विनच्या वर जातं, आणि 1800 च्या पुढे तर नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) झपाट्याने वाढतो. म्हणून लीन प्रीमिक्स घेतलं, म्हणजे जास्त हवेत इंधन आधीच मिसळून मग जाळायचं. ज्योतीच्या भागात 0.5, तापमान 1700 च्या आसपास. यात 54 टक्के हवा स्वर्लरमधूनच (ज्योतीकडच्या हवेला भोवरा देणारी पाती) जाते. लायनर (चेंबरची आतली भिंत) थंड ठेवायला आणि डायल्यूशनला (जळलेल्या वायूत हवा मिसळून तापमान उतरवायला) मिळून उरते 46.

फुल लोडला हे जमतं. अर्ध्या लोडला आरपीएम तेच, हवा जवळपास तेवढीच, इंधन मात्र कमी. ज्योतीच्या भागातला रेशो 0.35 च्या आसपास उतरतो आणि ब्लोआउट (ज्योत विझणं) समोर दिसतो. पायलट बर्नर (ज्योत टिकवणारी छोटी, जास्त इंधनाची ज्योत) दिला तर नॉक्स परत वाढतो. त्यात आपला पावसाळा! टर्बाइनचं आयएसओ रेटिंग (प्रमाण हवामानातली क्षमता) 15 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला असतं. जुलैत इथे किलोभर हवेत वीसेक ग्रॅम वाफ असते. तिने नॉक्स कमी होतो, पण ज्योतही थंडावते.

पायलटला इंधनाचा किती वाटा द्यावा? आणि आर्द्रतेसाठी वेगळं मार्जिन धरतात का? कोणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, नुसत्या पायलटवर भिस्त ठेवू नका. बर्नरचे गट पाडा. लोड उतरला की एका गटाचं इंधन बंद करायचं, म्हणजे उरलेल्यांत रेशो 0.45 च्या वर राहतो. पायलटचा वाटा त्यानंतर ठरवा, जमेल तितका कमी. बंद आणि चालू बर्नर शेजारी आले की थंड हवेने सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो, तेवढं तपासा. लायनरलाही फिल्म कूलिंग (आतून भिंतीलगत थंड हवेचा थर) नको, त्यानेही भिंतीलगत सीओ राहतो. बाहेरच्या बाजूने हवा मारून थंड करा. आर्द्रतेचं म्हणाल तर मार्जिन अंदाजाने धरू नका, कोरडी आणि जुलैची अशा दोन्ही हवांवर ब्लोआउटचा हिशोब करा. चेंबरचा व्यास आणि लांबी किती धरली आहे? रेसिडन्स टाइम (वायू चेंबरमध्ये किती वेळ राहतो) कळल्याशिवाय पुढचं सांगणं कठीण.