मॅडिसन नेमका कोणत्या बाजूचा? फेडरलिस्ट, अँटी-फेडरलिस्टचा घोळ

अभ्यासिका_दिग्रस
नमस्कार. इथं बी.ए.ची पोरं अमेरिकेचा सुरुवातीचा काळ वाचत आहेत. एका नोट्समध्ये जेम्स मॅडिसन (संविधान घडवणाऱ्यांपैकी एक नेता) फेडरलिस्ट, दुसऱ्यात फेडरलिस्टांचा विरोधक. कोणतं खरं? अन् १७८१ पासून सरकार होतंच, तर १७८७ ला नवीन संविधान कायले लागलं?

वऱ्हाडी_मास्तर
भाऊ, दोन्ही बरोबर. साल टाकलं नाही म्हणून घोळ झाला.

१७८७-८८ चा फेडरलिस्ट म्हणजे ‘नवं संविधान मंजूर करा’ म्हणणारा. तो पक्ष नव्हता. मॅडिसन, हॅमिल्टन अन् जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावानं त्यासाठी ८५ लेख लिहिले. समोर अँटी-फेडरलिस्ट : पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन.

पुढं हॅमिल्टन अर्थमंत्री झाला. १७९० ला राज्यांचं युद्धकर्ज केंद्राच्या अंगावर घेतलं, १७९१ ला राष्ट्रीय बँक काढली. संविधानात बँकेचं नावही नाही. ‘आवश्यक आणि योग्य’ कायदे करण्याच्या कलमावर त्यानं ती बसवली. मॅडिसन इथंच फुटला. तो अन् जेफरसन यांचा डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्ष झाला, हॅमिल्टनवाल्यांचा फेडरलिस्ट पक्ष. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ चा.) म्हणून ‘अँटी-फेडरलिस्ट म्हणजेच पुढचे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ असं सरसकट लिहू नका. मॅडिसनपाशीच ते उत्तर आपटतं.

नागरिकशास्त्र_ताई
दुसऱ्या प्रश्नाचं. आधीचा कारभार आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनवर, म्हणजे १३ राज्यांच्या आपसातल्या करारावर चालायचा. एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत, मोठ्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यं अन् दुरुस्तीला तेराच्या तेरा. कर लावायचा अधिकारच नाही. काँग्रेसनं (म्हणजे केंद्राच्या त्या सभागृहानं) राज्यांकडे मागायचं, राज्यांनी वाटलं तर द्यायचं. आयातीवर ५ टक्के कर सुचवला, तर एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार देऊन तो अडवला.

पोरांना शिकवताना शेजच्या बंडापासून सुरुवात करा, १७८६-८७, पश्चिम मॅसॅच्युसेट्स. कर्ज अन् कर दोन्ही नाण्यांत मागत होते, शेतकऱ्याजवळ नाणं नव्हतं. जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. आपल्याकडच्या पोरांना जप्ती काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही. केंद्राच्या तिजोरीत फौजेपुरता पैसा नव्हता. शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून राज्याची फौज उभी केली. १७८७ च्याच मे महिन्यात नव्या संविधानासाठी फिलाडेल्फियाची परिषद भरली.

अभ्यासिका_दिग्रस
धन्यवाद ताई, सर. मग बिल ऑफ राइट्स (संविधानातल्या नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या) कोणाच्या खात्यात टाकायचं?

वऱ्हाडी_मास्तर
रेटा अँटी-फेडरलिस्टांचा, मसुदा मॅडिसनचा. काँग्रेसनं १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, डिसेंबर १७९१ पर्यंत १० मंजूर झाल्या. पोट्टे पेपरात १२ लिहून येतात ते यामुळंच. उरलेल्या दोनपैकी काँग्रेस सदस्यांच्या पगाराची दुरुस्ती १९९२ ला २७ वी म्हणून लागू झाली. दुसरी अजूनही मंजूर नाही.