रोजनिशी लिहून मन खरंच शांत होतं का? कशी लिहावी, सल्ला हवा

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. गेले काही महिने डोकं शांत म्हणून नाही. कुणाशी बोलणं झालं की नंतर तेच संवाद मनात घोळत राहतात. कामात काही राहिलं की ते रात्री आठवतं आणि झोप उडते. समुपदेशकांची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. त्यासोबत स्वतःसाठीही काही करावं म्हणून वही आणली.

पण लिहायला बसले की एकतर उठले-गेले-आले असं दिवसाचं टिपण होतं, नाहीतर रोज तीच तक्रार. काही वेळा तर लिहून उठल्यावर आधीपेक्षा जड वाटतं. माझं काही चुकतंय का? रोज लिहायलाच हवं का? आणि घरातलं कुणी वाचेल ही धाकधूक असते, त्याचं काय करता? ज्यांनी बराच काळ लिहिलंय त्यांनी कृपया सांगा.

रानवारा:
मी तर म्हणेन, फार विचार करू नका. सकाळी उठल्या उठल्या जे येईल ते भडाभडा लिहून टाका, मागे वळून वाचू नका. मला याचा खूप फायदा झाला. आणि हातानेच लिहा. फोन हातात घेतला की दुसरंच काहीतरी उघडलं जातं.

कोरा कागद:
पाऊलवाट, तुमचं काही चुकत नाहीये. लिहिल्यावर लगेच जड वाटणं हे या विषयावरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगातही दिसलं होतं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या एखाद्या मोठ्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि त्यामागच्या भावना असं दोन्ही लिहिणारी मुलं लिहून झाल्यावर जास्त उदास होती. पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात जाण्याचं त्यांचं प्रमाण किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही. तेव्हा तुमचं ते दिवसाचं टिपण आठवणीसाठी छान आहे, पण मनातली गाठ त्याने सुटेल अशी अपेक्षा नको.

एक गोष्ट बघा, तो प्रयोग ४ दिवसांचा होता. रोज, कायम, न चुकता लिहा असं त्यात कुठेही नाही. हे ओझं आपण उगाच घेतो आणि एक दिवस चुकला की वहीच बाजूला पडते.

आता रोज तीच तक्रार होते त्याबद्दल. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेनबेकर यांनी पुढे अशा लिखाणातले शब्द तपासले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिहिण्यात 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'समजलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांची तब्येत जास्त सुधारलेली दिसली. म्हणजे लिखाण कुठेतरी सरकायला हवं. चौथ्या दिवशीचं पान पहिल्या दिवसाच्या पानासारखंच असेल तर ते कागदावरचं कुढणं झालं. रानवारा म्हणतात तसं भडाभडा लिहिणं साठलेलं बाहेर काढायला चांगलं, पण ज्यांचं मन मुळातच एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं त्यांनी तिथेच थांबू नये असं मला मनापासून वाटतं. जोडीदारापासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या लोकांवर २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जे आधीच 'असं का झालं' याच्या शोधात अडकले होते, त्यांना भावना ओतून लिहिण्यापेक्षा रोजच्या साध्या गोष्टी लिहिणं जास्त मानवलं.

म्हणून तक्रार लिहून झाली की त्याखाली एक ओळ सोडा आणि स्वतःला विचारा: यात मला नेमकं काय लागलं? दुखावले, की घाबरले, की अपमान वाटला? 'वाईट वाटलं' हा शब्द फार ढोबळ आहे, त्याच्या आत शिरा. मग विचारा, समोरच्याला हे कसं दिसलं असेल? तरीही मन तिथेच अडकलं तर 'मी' सोडून स्वतःच्या नावाने लिहून बघा, जवळच्या मैत्रिणीबद्दल लिहावं तसं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःकडे असं थोडं लांबून बघण्यावर बरंच काम केलंय. पहिल्यांदा फार कृत्रिम वाटतं. तरी करा.

मृद्गंध:
रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, हे कुणी करतं का? मी सुरू केलं तेव्हा फार छान वाटायचं, आता नुसती औपचारिकता उरलीय.

कोरा कागद:
मृद्गंध, रोज नका लिहू. आठवड्यातून एकदा लिहा आणि एकच गोष्ट घ्या, पण खोलात जाऊन. ती कुणामुळे झाली, ती नसती तर काय झालं असतं, हे लिहा. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासातल्या एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते. फक्त एक सांगते, ज्या दिवशी खरंच दुःख झालंय त्या दिवशी स्वतःवर कृतज्ञतेची सक्ती करू नका.

पाऊलवाट:
किती मनापासून लिहिलंत, खूप आभार! 'वाईट वाटलं'च्या आत शिरा हे लगेच करून पाहिलं. कालच्या प्रसंगात मला राग आला असं मी धरून चालले होते, लिहिताना कळलं की मला भीती वाटली होती. रात्री काम आठवून झोप उडते, त्याला काही उपाय आहे का?

निशिगंध:
त्यासाठी भावना लिहूच नका, उद्याची कामं लिहा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या निद्रा प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर हे तपासलं होतं. झोपण्याआधी ५ मिनिटं येत्या दिवसांतली कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईने केलेली, तितकी झोप लवकर. 'अहवाल' एवढंच न लिहिता 'अहवालाचा दुसरा भाग दुपारपर्यंत तपासणे' असं लिहा. मनाला खुंटीवर टांगलेलं सगळं दिसलं की ते पाठ करत बसत नाही. जुने घाव उकरणारं लिखाण मात्र झोपायच्या वेळी नको, ते संध्याकाळी उरका आणि मध्ये काहीतरी हातापायाचं काम ठेवा.

सावली:
मी समुपदेशन करते, म्हणून दोन शब्द. लिहिण्याचा उपयोग आहे, पण तो जादूसारखा नाही. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी फायदा खरा पण लहान निघाला. त्यामुळे वही उपचारांच्या जोडीला ठेवा, त्यांच्या जागी नको. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

एखादा विषय लिहिताना सहन होणार नाही असं वाटलं तर तो सोडा, दुसरं लिहा. हा नियम पेनबेकर स्वतःही सांगतात. नुकताच मोठा आघात झाला असेल तर त्यावर लिहायची घाई करू नका. आणि कुणाच्याही वहीत 'जगणं नको', 'स्वतःला इजा करावी' असे विचार उतरू लागले, तर ते पान वहीत ठेवून झोपू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा.

रानवारा:
सावली, हे सांगितलंत ते फार बरं झालं.

वाचलं जाण्याच्या भीतीबद्दल, पाऊलवाट: ही भीती असेल तर हात आपोआप गुळगुळीत लिहायला लागतो, मग काही अर्थ राहत नाही. सगळ्यात नाजूक मजकूर मी सुट्या कागदावर लिहितो आणि लिहून झाला की फाडतो. फायदा लिहिताना होतो, त्यासाठी कागद जपून ठेवावा लागत नाही. जपायचंच असेल तर फोनवर पासवर्ड लावून ठेवा, हाताने लिहिण्याचा माझा हट्ट तिथे सोडतो.

पाऊलवाट:
सुटे कागद हे जमण्यासारखं आहे. आणखी एकच, पुढच्या आठवड्यात जाताना वही न्यावी का?

सावली:
न्या, पण ती वाचून दाखवायची सक्ती नाही. आदल्या दिवशी शांतपणे चाळा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या कागदावर काढा. एखादा प्रसंग जमला तर असा लिहा: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, काय वाटलं आणि किती तीव्र, त्या विचाराच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे. वर्तन-विचार उपचारपद्धतीत हाच तक्ता वापरतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत बोलायला नेमकं काही हाताशी असेल. झोपेचं आणि त्या भीतीचंही नक्की सांगा.

पाऊलवाट:
कालचाच प्रसंग घेते. आज संध्याकाळी बसते.