मदत हवी आहे : कोळंबीवाल्यांचा गट बांधायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही खाडीकाठचे सात जण तळ्यात व्हेनामी जातीची कोळंबी करतो. पाणी एकाच खाडीतून घेतो आणि सोडतोही तिथेच. गेल्या हंगामात शेजारच्या तळ्यात कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. त्यांनी गुपचूप माल काढला, पाणी तसंच खाडीत सोडलं. आम्हाला कळलं तेव्हा आमची कोळंबी काठाला येऊन मरत होती. त्यांना तरी काय बोलणार? बोंब झाली की व्यापारी भाव पाडतो.

आंध्रात एमपीडाच्या (केंद्र सरकारचं सागरी माल निर्यातीचं प्राधिकरण) 'नॅक्सा' या संस्थेने २००७ पासून छोट्या शेतकऱ्यांच्या सोसायट्या बांधल्या. बीज (कोळंबीची पिल्लं) पीसीआर म्हणजे प्रयोगशाळेतल्या रोगाच्या चाचणीने तपासूनच घ्यायचं, सगळ्यांनी एकाच सुमारास सोडायचं, रोग आला तर आधी शेजाऱ्याला सांगायचं, क्लोरीन मारल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. आम्हालाही तसंच हवंय.

पालघर, रायगड किंवा सिंधुदुर्गात कुणी असा गट चालवतंय का? रोग लपवणाऱ्याचं काय करता? खाद्याची, पाण्याच्या पीएचची वही एकमेकांना खरंच दाखवता का? आमच्याकडे दोघे जण वही म्हटलं की सातबारा मागितल्यासारखं तोंड करतात.

आणखी एक, चेक ट्रे (कोळंबी खाद्य किती खाते ते बघायची तळ्यातली जाळी) बघायला शिकवणारा अनुभवी माणूस दोन दिवस येईल का? जेवणखाण, राहणं आमच्याकडे. पुढचं बीज सोडायच्या आत जमवायचंय.